वाडा विकणे आहे

हैदराबादेत जुनं घर विकायला काढलं की पहिला प्रश्न घराबद्दल येत नाही, गल्लीबद्दल येतो. आमच्या बडी चावडीजवळच्या वाड्यात पहिला दलाल आला तो २००९ च्या ऑगस्ट महिन्यात. स्कूटर कशीबशी भिंतीला टेकवून उभी केली आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारता झाला, "अम्मा, गल्ली कित्ते फूट की है?" मी म्हटलं, आधी आत तर या, घर बघा, चहा घ्या. तो हसला. "घर तो गिरनाच है अम्मा. गल्ली बोलो."

गल्ली चौदा फुटांची. पणजोबांनी वाडा बांधला तेव्हा तिच्यातून टांगा जायचा आणि वळायचासुद्धा, म्हणून ती त्या वेळी रुंद समजली जाई. आता नियम असा की समोरचा रस्ता जितका रुंद तितकी इमारत उंच नेता येते आणि पुढं-मागं मोकळी जागा सोडावी लागते ती वेगळी. चौदा फुटांच्या गल्लीत बिल्डरला काय मिळणार? जागा ६२० गज. हैदराबादेत जमीन गजात मोजतात. आपल्याकडच्या हिशेबानं एक गुंठा म्हणजे १२१ गज, तेव्हा पाच गुंठ्यांच्या थोडं वर. ऐकायला भरपूर. पण दलालानं वहीत ६२० लिहिलं, पुढं १४ लिहिलं, आणि १४ भोवती गोल केला. चहा न घेताच गेला.

वाचकांपैकी पुष्कळांची अशी घरं असतील. बीदरला, हुमनाबादला, कलबुर्गीला, उदगीरला. कुणी राहत नाही, कुणी विकत नाही, दर दिवाळीला कुणीतरी म्हणतं की यंदा काहीतरी ठरवलं पाहिजे. आमचं ते 'ठरवलं पाहिजे' वीस वर्षं चाललं होतं. म्हणून सविस्तर लिहिते. त्यात माझ्याकडून जे घडलं तेही लिहिते. ते लिहिल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

वाडा म्हणायचो ते सवयीनं. खरं म्हणजे त्याला चौक नव्हता. पुढं कमानींचा व्हरांडा, वर गॅलरी, बिडाचे नक्षीदार कठडे, दारांवर अर्धगोल रंगीत तावदानं, खिडक्यांना झिलमिल्या. मागच्या अंगाला गच्चीवर जाणारा बिडाचा गोल जिना. त्याच्या पायरीवर ग्लासगोच्या कारखान्याचं नाव ओतलेलं. लहानपणी अनवाणी चढताना ती अक्षरं तळव्याला टोचत. अलीकडे कॅमेरा गळ्यात अडकवून गल्लीगल्लीतून फिरणारी जी मुलं येतात, त्यांतल्या एका मुलीनं आम्हाला सांगितलं की ही व्हिक्टोरियन धाटणी. तोवर आम्हाला पत्ता नव्हता. हैदराबादेत व्हिक्टोरिया म्हटलं की आम्हाला सरूरनगरचं व्हिक्टोरिया मेमोरियल अनाथालय आठवायचं, आणि आता तर मेट्रोचं एक स्टेशन. गल्लीतले लोक वाड्याला 'विलायती देवडी' म्हणत. तेच नाव जास्त बरोबर होतं.

असं घर त्या भागात का बांधलं गेलं, त्याला कारण आहे. आजचं कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी हा सगळा भाग म्हणजे जुने रेसिडेन्सी बाजार. इंग्रजांचा रेसिडेंट त्या मोठ्या खांबांच्या इमारतीत राहायचा, जिथं पुढं महिला कॉलेज झालं. भोवतालच्या बाजारात कारभार रेसिडेन्सीचा, निजामाचा नाही. १९३३ मध्ये ते बाजार निजाम सरकारला परत मिळाले. तोवर वकील, सावकार, छापखानेवाले, चळवळीतली माणसं याच भागाकडे ओढा धरून असत, आणि त्यात आपली मराठी माणसं पुष्कळ. विवेकवर्धिनी १९०७ ची. इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १९२२ चं. पलीकडे काचीगुड्याला कन्नड मंडळींचं नृपतुंग विद्यालय, कर्नाटक साहित्य मंदिर. आमचे पणजोबा भालकीकडचे, वकिली करायला आले आणि रेसिडेन्सीच्या साहेबाचा बंगला रोज पाहून पाहून तसलंच काहीतरी आपलंही असावं असं त्यांना वाटलं असणार. बांधकामाच्या हिशेबाचे मोडीतले कागद पेटीत होते. चुना, गूळ, बेलफळं, सागवान, आणि वाडीमार्गे रेल्वेनं आलेली शहाबादी फरशी. म्हणजे घर विलायती, पायाखालची फरशी गुलबर्ग्याची.

घराची पहिली वाटणी कुणा वकिलानं केली नाही. ती १ नोव्हेंबर १९५६ ला झाली. हैदराबाद संस्थानचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, गुलबर्गा-बीदर-रायचूर म्हैसूर राज्यात, तेलुगू भाग आंध्रात. सरकारी नोकरांनाही तसंच वाटून टाकलं. थोरले काका औरंगाबादला गेले. माझे वडील गुलबर्ग्याला. धाकटे काका शिकत होते, ते राहिले. एका ताटात जेवणारे तीन भाऊ तीन राज्यांचे झाले. आमची आजी हुमनाबादची, घरात कन्नड बोलणारी, तिला हे शेवटपर्यंत समजलं नाही. मुलगा बदलीवर गेलाय, येईल परत, असंच ती म्हणत असे.

आत्या कुठंच गेली नाही. ती १९३२ ची. लग्न केलं नाही. का केलं नाही याची घरात चार कारणं सांगितली जात आणि त्यातलं एकही तिनं सांगितलेलं नव्हतं. शाळेत गणित शिकवायची. आजीचं तिनं केलं, मग आजोबांचं. आजोबा १९८८ ला गेले, मृत्युपत्र न करता. मग धाकटे काका गेले, काकू मुलाकडे अमेरिकेला गेल्या, आणि एवढ्या घरात आत्या एकटी राहिली. वरच्या मजल्यावर पावसाळ्यात पाच ठिकाणी गळायचं. पाचही ठिकाणी कोणतं भांडं ठेवायचं ते ठरलेलं होतं.

आणि आम्ही? आम्ही मे महिन्यात जायचो. आमरस खायचो, गच्चीवर झोपायचो, परतताना म्हणायचो, काही झालं तरी हे घर विकायचं नाही.

ते वाक्य २००९ मध्ये संपलं. औरंगाबादच्या दादाला (थोरल्या काकांचा मुलगा) नोकरी सुटल्यामुळे पैशाची अडचण, माझ्या भावाच्या, अण्णाच्या मुलीची मेडिकलची फी, अमेरिकेतल्या चुलतभावाला फक्त 'मोकळं व्हायचं' होतं. मला स्वतःला तशी निकड नव्हती, पण नको असं मी म्हटलं नाही. विकायचं ठरलं आणि नेमका त्याच वेळी हैदराबादचा बाजार बसला.

तो किती बसला हे तिथं राहणाऱ्यालाच कळेल. जानेवारी २००९ मध्ये सत्यमचं प्रकरण बाहेर आलं होतं. जगभरची मंदी होतीच. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी हेलिकॉप्टर अपघातात गेले. नोव्हेंबरअखेर केसीआर उपोषणाला बसले, ९ डिसेंबरला केंद्रानं तेलंगण देऊ म्हटलं, पंधरा दिवसांत सूर बदलला, आणि मग चार वर्षं नुसता टांगता कारभार. बंद, मोर्चे, समित्या. २०११ च्या शरदात 'सकल जनुल सम्मे' बेचाळीस दिवस चालला तेव्हा बसदेखील मिळत नव्हती. मागणीत न्याय किती होता, तो वेगळा विषय; आपल्या सीमाभागातल्या माणसाला राज्य पुनर्रचना म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पण घर विकणाऱ्याची पंचाईत अशी की हैदराबाद तेलंगणात जाणार, का दोघांची राजधानी होणार, का केंद्रशासित होणार, हेच कुणाला माहीत नव्हतं. किनारपट्टीच्या आंध्रातून येणारा पैसा थांबला. ज्याला घ्यायचं तो म्हणे थांबू, ज्याला विकायचं तो म्हणे आणखी पडायच्या आत विकू. दलाल एकच वाक्य बोलत, "जो होना है वो हो जाने दो, फिर देखेंगे."

त्यातच काही जण विचारत, "हेरिटेज तो नहीं है ना?" १९९५ च्या एका नियमानं शहरातल्या जुन्या इमारतींची यादी केली होती, त्यातली इमारत परवानगीशिवाय पाडता येत नसे. आमचा वाडा त्या यादीत नव्हता. मी सुटकेचा श्वास टाकला, तर आत्या जरा हिरमुसली. "एवढं मोठं घर, साधं यादीत पण नाही?" (तो नियमही २०१५ च्या डिसेंबरात सरकारनं काढून टाकला. २०१९ मध्ये इर्रम मंझिल पाडून तिथं विधानभवन बांधायचा घाट हायकोर्टानं अडवला तेव्हा हे सगळं पुन्हा पेपरांत आलं.)

अमेरिकेतल्या चुलतभावाची सूचना होती हॉटेल काढायची. नोव्हेंबर २०१० मध्ये फलकनुमा ताज हॉटेल म्हणून सुरू झालं होतं, त्याचे फोटो त्यानं पाठवले. आत्यानं ते फोटो पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाली, "त्याला सांग, हा महाल सुद्धा विकायला लागला होता." ते खरंच आहे. विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये फलकनुमा बांधायला घेतला, आणि बांधता बांधता असे कर्जात बुडाले की शेवटी तो सहाव्या निजामांनी घेतला. निजाम होता म्हणून गिऱ्हाईक मिळालं. आमच्या चौदा फुटांत साड्यांचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो उभा राहिला की माणूस आडवा होऊन जातो, तिथं कसलं हॉटेल.

आता ती गोष्ट.

फेब्रुवारी २०१० मध्ये अण्णा माझ्याकडे बीदरला आला आणि स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला कागद हातात दिला. हक्कसोडपत्र. आत्यानं वाड्यातला आपला जो काही हक्क असेल तो तीन भावांच्या वारसांच्या नावे स्वखुशीनं सोडला, बदल्यात तिची हयातभर सोय करण्यात येईल, असा मजकूर. 'सोय' म्हणजे काय हे कुठं लिहिलेलं नव्हतं. अण्णा म्हणाला, "अक्का, तू ने. तुझं ती ऐकते. चार सह्यांऐवजी तीन घरांच्या सह्या झाल्या की गिऱ्हाईक मिळायला सोपं जाईल. ती कुठं पैसे घेऊन काय करणार आहे या वयात?"

मी कागद न वाचता नेला असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं. मी तो दोनदा वाचला होता. घरातल्या मुलींना वाड्यात हिस्सा नाही, राहायचा हक्क आहे, असंच मी लहानपणापासून ऐकलं होतं, आणि त्यात मला कधी वावगं वाटलं नव्हतं. वडिलांच्या वाट्यातून मला मात्र मिळणार होतं. हा विरोधाभास त्या वेळी डोक्यातही आला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी कागद पुढं ठेवला. आत्यानं चष्मा लावला, वर भिंग घेतलं. मास्तरीणबाईच त्या, पेन्सिल हातात आलीच. सगळं वाचून म्हणाली, "वय चुकलंय माझं. अठ्ठ्याहत्तर नाही, सत्त्याहत्तर." पेन्सिलीनं दुरुस्त केलं. मग कागद उलटला, मागं काही नाही म्हटल्यावर परत पालथा घातला आणि कन्नडमध्ये विचारलं. फार आतलं बोलायचं असलं की ती कन्नडमध्ये शिरायची.

"इदराग नन्न हेसरु एल्लि अद?"

यात माझं नाव कुठं आहे? मी बोट ठेवून दाखवलं, हे काय, लिहून देणार म्हणून पहिल्या ओळीत आहे. ती म्हणाली, "देणार म्हणून आहे. घेणार म्हणून कुठं आहे?"

मला उत्तर आलं नाही. ती उठली, कपाट उघडलं, आणि पोथीच्या फडक्यात गुंडाळलेलं पेपरातलं एक कात्रण काढलं. पिवळं पडलेलं, १९८६ चं. आंध्र प्रदेशानं त्या वर्षी हिंदू वारसा कायदा दुरुस्त केला होता आणि तो ५ सप्टेंबर १९८५ पासून लागू धरला होता. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मानं हक्क. अट एवढीच की त्या तारखेपूर्वी मुलीचं लग्न झालेलं नसावं. आपल्या वाचकांनी हे लक्षात घेण्याजोगं आहे : असाच कायदा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १९९४ ला आला, आणि सबंध देशाला ९ सप्टेंबर २००५ ला. पुढं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हेही स्पष्ट केलं. पण आत्याला त्या कशाचीच वाट बघावी लागली नव्हती. १९८५ ला आजोबा हयात होते, आत्या अविवाहित होती, घर आंध्रात होतं. पाव हिस्सा तिचा होता. चोवीस वर्षं तिला ते ठाऊक होतं आणि आम्हा कुणाला नव्हतं.

"मग बोलली का नाहीस कधी?" मी विचारलं.

"कुणी विकत होतं का? राहत होते मी. राहणाऱ्याला हिस्सा कशाला मोजावा लागतो?" मग थोड्या वेळानं, "मी सोडत नाही, बाळ. मी विकते. विकायचं मलाच सगळ्यांत आधी आहे. तुम्ही मेच्या महिन्यात येता. जुलैत कधी आला आहात?"

दुसऱ्या दिवशी तिनं मला बरकतपुऱ्यातल्या एका वकिलांकडे नेलं. त्यांनी तिचं म्हणणं कायद्यानं बरोबर असल्याचं सांगितलं आणि कागद मला परत दिला. मी परतीच्या बसमध्ये तो फाडला. अण्णाला काय सांगायचं याचा विचार जहीराबादपर्यंत केला, आणि जे झालं तेच सांगितलं. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग बोलायला लागला, कारण गिऱ्हाईक नव्हतंच, भांडायचं कशावर?

वाडा न विकला गेल्यानं आमचं घर टिकलं, असं कधीकधी वाटतं. लगेच पैसे आले असते तर काय झालं असतं, नको वाटतं.

पुढची तीन वर्षं कागद गोळा करण्यात गेली. हैदराबादेत 'लिंक डॉक्युमेंट' म्हणजे एका मालकाकडून दुसऱ्याकडे घर कसं आलं याची साखळी लागते. आमच्या साखळीत चार लिप्या होत्या. मूळ खरेदीखत इंग्रजीत, किंमत 'कलदार' रुपयांत, म्हणजे इंग्रजी नाण्यात. आजोबांच्या भावांमधली वाटणी उर्दूत, रक्कम 'हाली' म्हणजे निजामी रुपयांत, तारीख फसली. हिशेब मोडीत. आणि घरपट्टीच्या पावत्या तेलुगूत. उर्दू वाचणारा एक म्हातारा मुन्शी आत्यानंच शोधून काढला. तो दर पानाला पैसे घेई आणि दर पानाला पणजोबांच्या वकिली भाषेची तारीफ करी. नियम सांगते : जुन्या घराचे कागद घर विकायचं ठरण्याआधी जमवावेत. ठरल्यावर जमवायला गेलं की गिऱ्हाईक वाट बघत नाही.

गिऱ्हाईकही शेवटी आत्यानंच आणलं. आम्ही बिल्डरांच्या मागं होतो, आणि बिल्डर गल्ली मोजून परत जात होते. ती व्हरांड्यात बसून गल्ली बघायची. दसरा-दिवाळीच्या आधी कापडाचे गठ्ठे आमच्या पायरीपर्यंत रचून ठेवलेले असत. एक दिवस तिनं हमालाला विचारलं, "यह किसका माल है?" मग मला फोन केला. "बिल्डरला गल्ली पाहिजे. व्यापाऱ्याला भिंती पाहिजेत. गल्लीचं त्याला काय, हमाल आहेत त्याच्याकडे." त्याला आणखी एक कारण जुळून आलं. मेट्रोची लाइन सुलतान बाजारातून जायची होती, त्याला व्यापाऱ्यांचा वर्षानुवर्षं विरोध चालला होता. मोठ्या रस्त्यावरची दुकानं कापली जाणार म्हटल्यावर आतल्या गल्लीत माल ठेवायला जागा हवी असणारे पुष्कळ निघाले. अठरा फूट उंचीच्या खोल्या, दोन हात जाडीच्या भिंती. माणसाला राहायला जे जड जात होतं ते साड्यांना सोयीचं होतं.

तो व्यापारी २०१३ च्या पावसाळ्यात आला, काँग्रेसनं ३० जुलैला तेलंगणचा निर्णय केल्यावर थोड्याच दिवसांनी. आत्यानं त्याला गळणाऱ्या पाचही जागा स्वतः दाखवल्या. अण्णा मागून खुणा करत होता, नको दाखवू. ती म्हणाली, "त्याचा माल भिजला तर तो दारात येऊन बसेल. त्यापेक्षा आत्ताच बघू दे." फाटकावर पणजोबांची आद्याक्षरं ओतलेली होती, ती काय म्हणून त्यानं विचारलं. आत्यानं त्याला किंग कोठीची गोष्ट सांगितली. ती कोठी कमाल खान नावाच्या सरदारानं बांधली, जागोजागी 'के. के.' कोरून ठेवलं. पुढं ती सातव्या निजामांकडे गेली तेव्हा अक्षरं पुसण्यापेक्षा नावच 'किंग कोठी' ठेवलं, असं सांगतात. व्यापारी मनापासून हसला आणि म्हणाला, "अम्मा, आमच्या फर्मचं नाव या अक्षरांत बसत नाही." पण फाटक बदलायला खर्च येतो, राहू द्या, असंही म्हणाला.

किंमत लिहीत नाही. हा अंक नातेवाईक वाचतात. २००९ मध्ये आम्ही मनात धरली होती त्याच्या दोन-तृतीयांश. दादा म्हणत होता थांबू या, राज्य झालं की भाव चढतील. त्याचं चुकलं नव्हतं. पुढच्या चार-पाच वर्षांत हैदराबादेत जमिनीचे भाव कुठल्या कुठं गेले, आणि आजही कुणीतरी जेवताना तो हिशेब काढतंच. पण आत्या तेव्हा एक्क्याऐंशीची होती. चढलेला भाव तिनं कधी खायचा?

जानेवारी २०१४ मध्ये सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंदणी झाली. अमेरिकेचं कुलमुखत्यारपत्र धरून अकरा सह्या. जून २०१३ पासून पन्नास लाखांवरच्या व्यवहारात घेणाऱ्यानं एक टक्का कर कापून भरायचा नियम आला होता, त्याचे कागद. शिवाय भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल १९८१ ला घराची किंमत काय होती याचा व्हॅल्युअरचा दाखला. (ती तारीख आता २००१ झाली आहे.) सगळ्यांची नावं वाचली गेली. विकणार म्हणून आत्याचं नाव चौथं आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि सही केली. तिन्ही भाषांत तिला सुरेख सही करता यायची. त्या दिवशी कन्नडमध्ये केली.

घर रिकामं करायला महिना लागला. त्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांच्या घरी तेच असतं. मराठी पुस्तकं इसामिया बाजारात ग्रंथ संग्रहालयाला दिली. पितळ वाटून घेतलं. पाच गळतीच्या भांड्यांपैकी एक, जाड बुडाचं तपेलं, मी मागून घेतलं. बाकीचं जुमेरात बाजारवाल्यांनी नेलं. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे रडलो, अण्णा तर लहान मुलासारखा. आत्या मात्र रिक्षात आधीच जाऊन बसली होती. "साकवा, साकु. चला, लिफ्टवाला जेवायला जाईल."

तिनं आपल्या हिश्श्यातून नल्लाकुंट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. ठराविक मुदतीत घराच्या पैशातून घर घेतलं की तेवढ्यावर कर लागत नाही, हे तिनं वकिलांना विचारून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी छताकडे बघून म्हणाली, "पंखा हाताला लागेल की काय." मग म्हणाली, कपडे वाळत घालायला काठी लागत नाही, हे उत्तम. जुलैत मी मुद्दाम गेले. बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि ती खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसली होती, रेडिओ लावून. पाच वर्षं ती त्या फ्लॅटमध्ये राहिली. जाताना काय उरलं ते तिनं चौघा भाचरंडांत सारखं लिहून ठेवलं होतं, मुलगे-मुली भेद न करता, आणि हो, सगळ्यांची वयं बरोबर लिहिली होती.

७ फेब्रुवारी २०२० ला मेट्रोची ती लाइन सुरू झाली. कोरोना ओसरल्यावर मी आणि अण्णा एका लग्नाला हैदराबादला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम एमजीबीएसला मेट्रोत बसलो. सुलतान बाजार स्टेशन गेलं की गाडी गच्च्यांच्या पातळीवरून जाते. अण्णा डाव्या खिडकीशी, मी उजव्या. नारायणगुड्याच्या आधी त्यानं माझा हात ओढला. पाण्याच्या टाक्या, पत्र्याच्या शेड, वाळत घातलेल्या चादरी, आणि त्यांच्यामध्ये निळ्या ताडपत्रीनं झाकलेली एक गच्ची. एका टोकाला बिडाच्या गोल जिन्याचा वरचा वेढा दिसला असं तो म्हणतो. मी वळून बघेपर्यंत गाडी पुढं गेली होती. परतीच्या फेरीत पुन्हा बघायचं ठरवलं, पण परतताना अंधार पडला होता.